खापरदरीच्या कुस्त्यांचं पान

खापरदरीची जत्रा पौषात भरते आणि पौषात खापरदरीत माणूस नसतं. दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघतात, कुणी कोल्हापूरकडं, कुणी बेळगावकडं, त्या उन्हं तापायला लागल्यावरच परत येतात. मागं उरतात म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं आणि ज्यांच्याकडं ओलिताची जमीन आहे अशी चार घरं. पण देवाची तिथी कारखान्याच्या सोयीनं बदलत नाही. पालखी निघते, दुसऱ्या दिवशी देवळाखालच्या उतारावर कुस्त्यांचा फड रंगतो, आणि तिकडं उसाच्या फडात कोयता चालवणारी माणसं दिवसभर फोन करून एकच विचारत राहतात, कोण जिंकलं.

यंदा या फोनांवर काहीतरी इलाज करायचं जत्रा कमिटीनं ठरवलं. कमिटीचे अध्यक्ष अर्जुनराव, गावचे माजी सरपंच. ते एका सकाळी धारूरला रुद्रप्पांच्या किराणा दुकानात येऊन बसले. फडाचा गुलाल आणि नारळ दरवर्षी याच दुकानातून जायचे, त्यामुळं रुद्रप्पा नावापुरते कमिटीत होतेच. पण अर्जुनरावांचं काम त्यांच्याकडं नव्हतं. दुकानाच्या माडीवरच्या खोलीत त्यांची मुलगी शिवानी बसायची. पुण्याच्या एका कंपनीसाठी वेबसाइटची पानं बनवायची. आधी पुण्यातच राहून, आणि गेल्या वर्षापासून घरी बसून.

तिला खाली बोलावलं गेलं.

"मागल्या साली आमी व्हिडिओ लावलता," अर्जुनराव म्हणाले. "ड्रोन बी आणलता बीडहून. पण तिकडं ऊसतोडीच्या अड्ड्यावर रेंज कुठली? लोक म्हणले, कुस्ती दिसंना, नुसतं गोल गोल फिरतंय."

"मग व्हिडिओ नकोच काका," शिवानी म्हणाली. "साधं पान करू. नुसती अक्षरं. कुणाची कुस्ती चालू आहे, कोण जिंकलं. इकडं निकाल लागला की तिकडं आपोआप दिसेल. परत परत उघडायला नको."

"अक्षरं कोण वाचतंय, बाई?"

"आपल्या गावचा पैलवान जिंकला का, एवढं तर वाचतील."

अर्जुनरावांनी चहा बशीत ओतला, थोडा विचार केला. "बरं. पण वर आमचा फोटो पायजे. हात जोडलेला."

शिवानीनं कबूल केलं. काम तिला किरकोळ वाटलं. कंपनीत ती मोठमोठ्या दुकानांची पानं करायची; ही तर एका गावाच्या कुस्त्यांची यादी. दोन संध्याकाळी बसून तिनं पान उभं केलं. वर कमिटीचं नाव आणि अर्जुनराव, त्याखाली चालू कुस्ती, त्याखाली निकाल, आणि सगळ्यात खाली एक चौकट, 'पैलवानाला निरोप'. लांबच्या माणसानं त्यात काही लिहिलं की ते शिवानीच्या लॅपटॉपवर येणार, सगळ्यांच्या पानावरही दिसणार आणि माइकवाला तानाजी ते फडात वाचून दाखवणार. तिच्या फोनवर पान बोट लावताच उघडत होतं. तिनं लिंक अर्जुनरावांना पाठवली, त्यांनी ती गावाच्या सगळ्या ग्रुपवर टाकली, आणि शिवानी आपल्या कंपनीच्या कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन वाजला. नंबर अनोळखी.

"शिवानीबाई हायती का? मी भिवराबाई, खापरदरीची. अंजीची माय."

अंजना शिवानीला माहीत होती. आईबाप उसाला गेले की धारूरला मावशीकडं राहायची, पहाटे तालमीत जायची आणि येताना दुकानातून शेंगदाणे घेऊन जायची. खापरदरीच्या फडात यंदा पहिल्यांदाच बायकांची कुस्ती ठेवली होती, आणि ती अंजनाची होती.

"बोला की मावशी."

"ते पान उघडलं आमी. पांढरं हाय."

"पांढरं म्हणजे?"

"म्हंजी पांढरं. काईच न्हाई. सगळी बसलेत पाचटाच्या कोपीपुढं, मला म्हणतेत तुजी लेक कुठं हाय यात. तसं कोरं पान कावून पाठिवलं, माय?"

आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती, आणि त्यामुळंच शिवानीला जास्त लागलं. "बघते मी मावशी, लगेच बघते," म्हणून तिनं फोन ठेवला.

मग तिनं ते केलं जे आधी करायला हवं होतं. आपल्या फोनचं नेट मुद्दाम कमीत कमी वेगावर आणलं आणि पान उघडलं. पांढरं. ती बघत राहिली. पांढरं ते पांढरंच. शेवटी 'हे पान उघडता येत नाही' असं येऊन कारभार आटोपला.

रुद्रप्पा दुपारी दुकान नोकरावर सोडून माडीवर टेकायला यायचे. मुलीचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "काय बिघडलं?"

"मीच बिघडवलंय, अप्पा. कुस्त्यांची यादी एकीकडून येते, पैलवानांची माहिती दुसरीकडून, निरोप तिसरीकडून. माझा सर्व्हर हे सगळं गोळा होईपर्यंत थांबतो आणि मग एकदम सगळं पाठवतो. तोवर त्या माणसापुढं काही नाही. आणि तिकडची रेंज तेवढा वेळ टिकतच नाही."

रुद्रप्पांनी भिंतीला पाठ टेकली. "म्हणजे पंगत बसलीय आणि शेवटची पुरी तळून होईपर्यंत तू पत्रावळसुद्धा टाकत नाहीस."

"अगदी तसंच."

"मग टाक की पत्रावळ."

शिवानी हसली. करायचं काय ते तिला ठाऊक होतं. या पानासाठी एवढं कशाला म्हणून तिनं ते टाळलं होतं. आता तिनं पानाचे तुकडे केले. कुणी लिंक उघडली की सर्व्हर कशाचीही वाट न बघता मथळा आणि रिकाम्या चौकटी पाठवून देणार. दार मात्र लावून घेणार नाही. यादी हाताशी आली की त्याच वाटेनं यादी, मग निकाल, मग निरोप, एकेक तुकडा जसा तयार होईल तसा. पानात एक चिमुकला प्रोग्रॅम बसलेला. तो आलेला तुकडा ज्याच्या त्याच्या जागी नेऊन ठेवणार. सगळ्यात जड होता तो अर्जुनरावांचा फोटो. तो तिनं शेवटी ढकलला.

संध्याकाळी भिवराबाईंचा फोन आला.

"आलं बघा. आधी अर्जुनरावांचं नाव आलं. मग जरा थांबून यादी आली. अंजी सापडली, शेवटून दुसरी हाय."

"फोटो आला का?"

"कुणाचा? अर्जुनरावांचा? न्हाई अजून. त्याची काय घाई न्हाई."

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी शिवानी वडिलांच्या मोटारसायकलवर मागं बसून, लॅपटॉप पोटाशी धरून खापरदरीला पोचली. माती उकरून, ताक आणि हळद घालून फड तयार होता. एका कडेला ट्रॅक्टरची ट्रॉली लावलेली, तिच्यावर माइक घेऊन तानाजी. तानाजीचा आवाज असा की त्याला माइक दिला नसता तरी चाललं असतं. त्याच्या शेजारी शिवानीला खुर्ची मिळाली. हलगी सुरू झाली आणि पहिली जोड मातीत उतरली.

पहिल्या काही कुस्त्या झरझर निकाली झाल्या. शिवानी विजेत्याचं नाव टाकायची आणि बटण दाबायची. ज्याच्या ज्याच्या फोनवर पान उघडं होतं तिथं ते नाव जाऊन बसायचं. थोड्याच वेळात निरोप यायला लागले. 'शाब्बास रे पठ्ठ्या, कराडहून.' 'पोरा, जेवून घे आता.' तानाजी ते वाचायचा, लोक हसायचे. एरवी जत्रेत नसलेलं अर्धं गाव कडेला येऊन उभं राहिल्यासारखं झालं. रुद्रप्पा पाहुण्यांच्या रांगेतून मुलीकडं बघत होते, आणि बघत नसल्यासारखंही करत होते.

तेवढ्यात फोन वाजला. भिवराबाई.

"शिवानीबाई, मी लिहितेय आन तुमी पुसताय."

"मी? काय पुसलं, मावशी?"

"मी त्या चौकटीत अंजीला लिहितेय. निम्मं झालं की सगळं जातंय. परत लिहिलं, परत गेलं. चार येळा झालं. आमचे हे म्हणतेत, तुला येत न्हाई. मला येतंय. तुमी पुसताय."

काय होत होतं ते शिवानीला भिवराबाईंचं वाक्य संपायच्या आत कळलं. नवीन निकाल आला किंवा कुणाचा नवीन निरोप आला, की तिचा सर्व्हर तेवढाच तुकडा न पाठवता वरपासून खालपर्यंत सगळं पान नव्यानं धाडत होता, आणि ब्राउझर जुनं उचलून तिथं नवं ठेवत होता. नव्या पानात निरोपाची चौकट अर्थातच रिकामी. झटपट लिहिणाऱ्यांना पत्ताच लागत नव्हता. एका बोटानं, अक्षर शोधत लिहिणाऱ्या बाईचं मात्र प्रत्येक वेळी पुसलं जात होतं.

"मावशी, तुमचं बरोबर आहे. चूक माझी आहे. असं करा, मला तोंडी सांगा, मी लिहिते तुमच्या नावानं."

फोनवर मागं ट्रॅक्टर चालू असल्याचा आवाज येत होता.

"न्हाई, माय. अंजीनंच शिकिवलंय मला लिहायला, फोनवरलं. माझं मीच लिहिते. तुमी फकस्त पुसू नका."

"नाही पुसणार. थोडा वेळ द्या."

वेळ द्या म्हणाली खरी, पण वेळ होता कुठं? अंजनाच्या आधी दोनच जोड्या उरल्या होत्या. अंजना फडाच्या पलीकडं मावशीशेजारी उभी राहून खांदे फिरवत होती. दुरुस्ती अवघड नव्हती. तुकडे जागेवर ठेवणारा प्रोग्रॅम प्रत्येकाच्या पानात आधीपासून होताच. सर्व्हरला फक्त एवढं शिकवायचं होतं की निकाल बदलला तर निकालांचाच तुकडा पाठव, निरोप वाढले तर निरोपांचाच, आणि लिहायच्या चौकटीला हात लावू नकोस. पण त्यासाठी सर्व्हर क्षणभर बंद करून पुन्हा सुरू करावा लागणार होता. सगळ्यांची जोडणी तुटणार आणि परत जुळणार. तिच्या हातून काही राहिलं तर ऐन अंजनाच्या कुस्तीला सगळ्यांपुढं पांढरं पान.

ती लिहायला लागली. एक कुस्ती झाली. तिनं निकाल टाकला आणि बटण दाबताना मनातल्या मनात भिवराबाईंची माफी मागितली. दुसरीही लगेच उरकली. धारूरच्या पैलवानानं समोरच्याला हात मिळवल्या मिळवल्या आडवा केला. आता अर्जुनरावांचे दोन शब्द, मग अंजना. अर्जुनराव ट्रॉलीवर चढले. गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्या हातात माइक आला की लोक लघवीला उठायचे, आणि तानाजी मागून त्यांच्या सदऱ्याला धरून ओढायचा, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

शिवानीनं मान वर केली. "काका, आज जरा सविस्तर बोला ना."

अर्जुनरावांनी तिच्याकडं निरखून बघितलं. "चेष्टा करतीस का, पोरी?"

"नाही काका. मला वेळ पाहिजे. पानाचं काम अडलंय. तुम्ही बोलत राहिलात तरच होईल."

"किती बोलू?"

"मी मान हलवेपर्यंत."

अर्जुनरावांनी फेटा सारखा केला. तानाजीनं सवयीनं पुढं केलेला हात शिवानीनं अडवला. आणि भाषण सुरू झालं. आधी ग्रामदैवत झालं, मग निजामाच्या काळात या फडात कोण कोण लढलं ते झालं, मग तालमीचं छप्पर, ते कुणी होऊ दिलं नाही आणि कुणी करून दाखवलं, मग तरुण पिढी आणि तंबाखूचं व्यसन. लोक चुळबुळायला लागले. पानावर निरोपांचा पाऊस पडायला लागला. 'आवरा आता', 'माइक काढून घ्या', 'आमचा ऊस तोडून झाला, ह्यांचं संपना'. प्रत्येक निरोपानिशी तिकडं भिवराबाईंची चौकट कोरी होत असणार, हे शिवानीला दिसत होतं आणि तिची बोटं आणखी घाई करत होती.

काम संपलं. तिनं आपल्या फोनवर चौकटीत 'कखग' लिहिलं आणि तसंच अर्धवट ठेवलं. सर्व्हर बंद केला, सुरू केला. लॅपटॉपवर जुळलेल्या फोनांची संख्या शून्यावर आली आणि तिथंच बसली. अर्जुनराव आता पाणलोट विकासावर पोचले होते. मग एक फोन जुळला, मग एकदम पुष्कळ, मग रेंगाळत उरलेले. एक नवा निरोप आला, 'कुणीतरी बसवा त्यांना'. तो यादीत वर जाऊन बसला. तिच्या फोनवरचं 'कखग' जागचं हललं नाही.

शिवानीनं मान हलवली. अर्जुनरावांच्या ते लक्षात आलं, पण पाणलोट पूर्ण केल्याशिवाय ते थांबले नाहीत.

"भाषण लई छान झालं, काका," ती म्हणाली, आणि ते तिनं अगदी मनापासून म्हटलं.

अंजना मातीत उतरली. समोर अंबाजोगाईची प्रियदर्शनी, अंजनापेक्षा बोटभर उंच, कॉलेजच्या संघातून खेळलेली. पंचानं दोघींना जवळ बोलावलं. हलगीवाल्यानं काठी उचलली, आणि त्याच वेळी लॅपटॉपवर निरोप उमटला. शिवानीनं स्क्रीन तानाजीकडं वळवली.

तानाजीनं घसा खाकरला, सूर लावला. "आणि हा निरोप येतोय थेट बेळगावकडून, अंजनाच्या मातोश्री भिवराबाई यांचा. त्या म्हणतात..." इथं तो अडखळला आणि पुढचं साध्या आवाजात वाचलं. "अंजे कानातलं काढून ठेव. माय."

अंजनाचा हात आपोआप कानाकडं गेला. कानात खरंच बारकी फुलं होती. सगळा फड हसला, हसता हसता टाळ्या पडल्या. अंजनानं मान खाली घालून फुलं काढली आणि कडेला मावशीच्या हातात दिली. तिचं बघून प्रियदर्शनीनंही आपली काढली आणि मावशीच्याच दुसऱ्या हातात ठेवली.

कुस्ती चांगली झाली. प्रियदर्शनीनं पहिल्या झटापटीतच पाय खेचून पट काढला आणि अंजना गुडघ्यावर आली, वाटलं, संपलं. पण ती पालथी पडून मातीला चिकटली आणि काही केल्या वळेना. प्रियदर्शनीनं डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, दमली, आणि तिची पकड सैल होताच अंजना खालून निसटून उठली. मग अंजनानं धरलं. मग पुन्हा तिनं. शिवानीला कुस्तीतलं काही कळत नव्हतं, तरी ती खुर्चीवरून कधी उठली ते तिला कळलं नाही. 'अंजना निसटली', 'आता अंजनाची पकड', असं ती उभ्यानंच टाइप करत राहिली. शेवटी दोघींच्या अंगाला मातीशिवाय दुसरा रंग राहिला नाही, तेव्हा पंचानं दोघींचे हात धरून वर केले. कुस्ती बरोबरीत सुटली.

शिवानी निकाल टाकायला बसली आणि थबकली. पानावर 'विजयी' अशी एकच जागा होती. कुस्ती बरोबरीतही सुटते हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. घाईत तिनं दोघींची नावं त्या जागी टाकून दिली.

जरा वेळानं निरोप आला. 'दोगी कश्या जिंकल्या.'

आता हसायची पाळी शिवानीची होती. तिनं 'विजयी' पुसून तिथं 'बरोबरीत सुटली' लिहिलं. बेळगावकडं, कराडकडं, जिथं जिथं ते पान उघडं होतं तिथं तेवढंच बदललं, बाकी काही हललं नाही. त्यावर भिवराबाईंचं उत्तर आलं, 'मग ठीक हाय'.

उरलेली शेवटची जोडही झाली, फड उठला, लोक पांगले. ऊन कलताना शिवानी देवळाच्या पायरीवर लॅपटॉप मिटून बसली होती. अंजना अंघोळ करून, ओले केस बांधून तिच्याजवळ आली. भिवराबाईंचा फोन आला तेव्हा शिवानीनं तो स्पीकरवर ठेवला.

"फुलं घेतली का परत मावशीकडून?" भिवराबाईंनी पहिलं तेच विचारलं.

"घेतली. सगळ्यांपुढं सांगायची काय गरज होती?" अंजना म्हणाली. "मला नुसता फोन करायचा ना."

"तू उचलतीस का फोन?"

मग भिवराबाईंनी तिकडचं सांगितलं. सगळी टोळी एका फोनभोवती बसली होती. मुकादमानं दोनदा हाक मारली, मग तोही येऊन मागं उभा राहिला. 'अंजना निसटली' आलं तेव्हा तिच्या बापानं कोयता खाली ठेवला आणि तो तिथंच विसरला. अंजना ऐकत राहिली. मध्येच तिनं तोंड वळवून देवळाच्या कळसाकडं बघितलं, आणि शिवानीनंही मुद्दाम दुसरीकडं बघितलं.

"शिवानीबाई," भिवराबाई म्हणाल्या, "एक इचारू का?"

"विचारा की."

"आमचा ऊस तोडून, मोळ्या बांधून तयार असतो. पण भरायची गाडी कवा येईल त्याचा पत्ता नसतो. सांजची म्हणलेली पहाटं येती. लेकरं घेऊन तिथंच बसून राहावं लागतं. ती गाडी कारखान्याहून निघाली का, कुठवर आली, असं येईल का वं पानावर? तसंच, आपलं आपण बदलणारं?"

शिवानीनं लॅपटॉप पुन्हा उघडला.

"मावशी, गाडी सुटली हे तिकडं आधी कुणाला कळतं? मुकादमाला, का ड्रायव्हरला?"

"ड्रायव्हरला. पण तो फोन उचलत न्हाई."

"त्याला फोन नको करायला. त्यानं निघताना एक बटण दाबलं तर पुरे. तो दाबेल का?"

"थांबा," भिवराबाई म्हणाल्या, "तो इथंच चहा पितोय. त्यालाच इचारते."